मग एकशे एकावन्न

“किंमत शून्य,” ऋजुता आगाशे म्हणाली. “शून्य ठेवायची आणि नुसतं बघत बसायचं.”

ती पुण्याच्या एका गेम कंपनीतून आली होती आणि आम्ही बसलो होतो मिरजेत, इम्तियाज नदाफच्या वडिलांच्या गादी कारखान्यात. कारखाना हे भारी नाव झालं. एक लांबट खोली, कापूस पिंजायचं मशीन, भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या आणि कोपऱ्यात आमचं टेबल. टेबलावर दोन कॉम्प्युटर, काम नसेल तेव्हा चादरीखाली झाकलेले, कारण कापूस कुठंही शिरतो. ऋजुताच्या काळ्या पँटवर तो एव्हाना भरपूर चिकटला होता. मी तिला सांगितलं नाही. आल्या आल्या ती मला आवडली होती आणि तोंड उघडल्यावर आवडेनाशी झाली होती.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. तेव्हा मी दिवसा एका फ्लेक्सवाल्याकडे नोकरी करायचे, म्हणजे भावी नगरसेवकांचे चेहरे गोरे करायचे. संध्याकाळी इम्तियाजच्या कारखान्यात येऊन आम्ही दोघं आमचा गेम करायचो. चित्रं माझी, बाकीचं सगळं डोकं त्याचं. गेमचं नाव ‘वाकळ’. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. खेळ सोपा होता आणि अवघडही. समोर एक मोकळं कापड, बाजूला चिंध्यांचा ढीग. सगळ्या चिंध्या लावून कापड झाकायचं. एकही चिंधी उरवायची नाही, एकही भोक ठेवायचं नाही, कात्री चालवायची नाही. घड्याळ नाही, गुण नाहीत. डोकं चालत नसेल तर फोन ठेवून द्यावा आणि उद्या बघावं. चिंध्यांचे रंग आणि काठ मी आईच्या ढिगातून उचलले होते, कारण माझी आई वाकळा शिवते. त्यावरच तिनं मला वाढवलं.

इम्तियाजनं गेमचा छोटासा व्हिडिओ नेटवर टाकला होता. तो बघून ऋजुता आली होती. शुक्रवारी आम्ही गेम बाजारात आणणार होतो, कॉम्प्युटरसाठी आणि साध्या अँड्रॉइड फोनसाठी, आणि त्याच्या आत तिला कंपनीच्या करारावर आमची सही हवी होती.

“गेम सुंदर आहे,” ती म्हणाली. “मी मनापासून सांगते. पण त्यात कुणी हरतच नाही.”

“वाकळ शिवताना कोण हरतं?” मी विचारलं.

“हर्षदा, हरल्याशिवाय माणूस पैसे देत नाही. ऐका. खेळणाऱ्याला पाच सुया द्यायच्या. चिंधी चुकीच्या जागी ठेवली की एक सुई मोडणार. पाचही मोडल्या की खेळ बंद. मग अर्धा तास थांबा, नाहीतर जाहिरात बघा, नाहीतर तीस रुपयांत नव्या पाच सुया घ्या.”

“म्हणजे फुकट बोलावायचं, पंगतीला बसवायचं आणि निम्म्या जेवणात ताट ओढायचं.”

ती हसली. हसायची तिची तयारी होती, हे मला आणखी खुपलं.

इम्तियाज इतका वेळ गप्प होता. तो तसा गप्पच असतो. “चालणार कुठल्या फोनवर?” त्यानं विचारलं.

“नव्या. जाहिरातींचं ओझं जुन्या फोनला झेपत नाही. आणि स्पष्ट बोलायचं तर जुना फोन वापरणारा माणूस काही विकत घेत नाही.”

इम्तियाजनं टेबलावरचा त्याच्या अब्बांचा फोन हळूच चादरीखाली सरकवला. त्या फोनचं मागचं झाकण रबरबँड लावून बसवलेलं होतं. आमचा गेम त्यावर अडखळू नये म्हणून इम्तियाज कित्येक महिने एकेक चित्र पिळून हलकं करत बसला होता. त्यापायी त्यानं बंगळूरची एक नोकरीही पुढं ढकलली होती.

“किंमत आमची ठरली आहे,” मी म्हणाले. “एकशे एक रुपये. एकदाच घ्यायचे. मग गेम घेणाऱ्याचा.”

“एकशे एक?” आता ती खरंच दचकली. “अहो, निदान नव्व्याण्णव ठेवा. शंभराच्या आतला आकडा दिसायला हवा. सगळं जग नव्व्याण्णव ठेवतं.”

“आमच्याकडे नव्व्याण्णव रुपयांचा आहेर कुणी करत नाही. देणारा वरचा एक रुपया घालूनच देतो.”

“हा आहेर नाही. हा फोनवरचा खेळ आहे.” तिनं चहाचा कप खाली ठेवला. “बरं, मला एक सांगा. ज्यांच्या वाकळांवरून तुम्ही हा खेळ केलात, त्यांच्यातलं एक माणूस मला दाखवा, जे यासाठी एकशे एक रुपये देईल. एकच.”

असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. इम्तियाज डोळ्यांनी नको नको म्हणत होता.

“चला,” मी म्हणाले आणि चप्पल घातली.

आमची गल्ली कारखान्यापासून चालत जाण्यासारखी. दुपारची वेळ होती. आई ओट्यावर मधोमध बसली होती आणि तिच्याभोवती शेजारच्या तीन-चार बायका. सगळ्यांच्या मांड्यांवर एकच मोठी वाकळ पसरलेली, प्रत्येकीनं आपली कड धरलेली. मंगलकाकू नेहमीप्रमाणे कुणाची तरी नक्कल करत होती.

“ह्या पुण्याच्या ऋजुताताई,” मी म्हणाले. “आई, जरा फोन धर. तो गेम दाखवायचाय.”

“हात मोकळा हाय का माझा?” आई म्हणाली, पण सुई वाकळेत खोवून तिनं फोन घेतला.

तिनं पहिल्या दोन चिंध्या पटापट लावल्या. मी फुशारले. मग तिनं फोन फिरवला. वाकळ शिवणारी बाई एका कडेनं टाके घालत जाते आणि कोपरा आला की वाकळ स्वतःकडे फिरवते. आईनं तेच केलं. फोन फिरला तशी त्याच्यातली वाकळही सरळ झाली. आईनं पुन्हा फिरवला, ती पुन्हा सरळ झाली.

“अगं, हे माझ्यामागनं फिरतंय,” आई वैतागून म्हणाली. “एका जागी बसंना झालंय.”

बायका खो खो हसल्या. इतक्या महिन्यांत हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी लाजेनं लाल झाले. ऋजुता मात्र लक्ष देऊन बघत होती.

“आणि हे विकणार कितीला?” मंगलकाकूनं विचारलं.

“एकशे एक.”

बायकांच्या सुया थांबल्या. मग आई पोट धरून हसायला लागली. आई हसली म्हटल्यावर बाकीच्यांना रानच मोकळं.

“एकशे एक रुपयं?” आई म्हणाली. “चिंध्या लावायचं? अगं, हे आमी दिवसभर करतोय. त्याला कोण पैसं देईल? मला कुणीतरी दिलं तर मी बसंन खेळत!”

“काकू, आम्ही तेच सांगतोय,” ऋजुता मृदू आवाजात म्हणाली. “फुकट द्या. पैसे कंपनी देईल, हर्षदाला आणि इम्तियाजला. आजच.”

“मग घे की गं!” आई माझ्याकडे वळली. “एवढी शिकलेली बाई पुण्यासनं घरापतूर आलीया. त्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात डोळं फोडत बसण्यापरीस बरं. कर सही.”

परक्या बाईसमोर, माझ्या स्वतःच्या आईनं. मला रडू येत होतं आणि रडले असते तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

“नाही,” मी म्हणाले.

“का पण?”

“नाही म्हणजे नाही.”

कारण तेव्हा मला नीट सांगताही आलं नसतं. फक्त एवढं कळत होतं की फुकट हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. आईकडे पोतंभर जुनी लुगडी घेऊन येणाऱ्या बायका म्हणायच्या, “घरात बसूनच तर करतीस, हातासरशी होऊन जाईल, त्याचे पैसे कसले, फुकटच की.” त्या हातासरशीतच आईचे डोळे अधू झाले. आता तीच आई मला सांगत होती, दे फुकट.

रिक्षात बसण्याआधी ऋजुतानं माझा हात हातात घेतला. वाईट बाई नव्हती ती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

“एक गोष्ट आधीच सांगते, नंतर मला दोष देऊ नका,” ती म्हणाली. “तुम्ही सही केली नाहीत तर कंपनी स्वतःचा गोधडीचा गेम काढेल. फुकट. चिंध्या जोडायची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. त्याच्यासमोर तुमचा एकशे एक रुपयांचा गेम कोण घेईल? विचार करा. शुक्रवारपर्यंत मी फोन उचलेन.”

“काढा,” मी म्हणाले. “आणि तुमच्या पँटला कापूस लागलाय.”

मी शुक्रवारपर्यंत फोन केला नाही. इम्तियाजनं मला एकदाच विचारलं, “नक्की?” मी म्हणाले, “तुला करायची तर तू कर सही, अर्धा गेम तुझा आहे.” तो म्हणाला, “अर्ध्या वाकळेत पाय झाकत न्हाईत,” आणि कामाला लागला. त्या चार दिवसांत त्यानं एकच दुरुस्ती केली. फोन कसाही फिरवा, चित्र जागचं हलणार नाही. माझ्या आईनं तोंडावर हसून का होईना, आम्हाला कामाचं काहीतरी दिलं होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही गेम बाजारात सोडला. अब्बांनी मशीन बंद केलं आणि पेढे वाटले. त्यांना वाटलं, बटण दाबलं की पैसे येतात. आले, पण ठिबकत ठिबकत. पहिले काही आमच्याच मित्रांचे. मग बेळगावच्या एका मास्तरांचे, मग अमेरिकेतल्या कुणा बाईंचे, ज्यांनी लिहिलं की माझी आजी असंच शिवायची आणि खेळताना मी रडले. ते पत्र मी इम्तियाजला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “असं अजून पाचशे जण रडले तर बरं होईल.”

रडले नाहीत. दीड महिन्यानं पुण्याच्या कंपनीचा गेम आला. ‘गोधडी धमाल’. फुकट. पाच सुया, सोनेरी दोरा, जिंकलं की फटाके. आठवडाभरात तो लाखाच्या घरात गेला. आमचा फ्लेक्सवाला मालक कामाच्या वेळी तो खेळायला लागला आणि एकदा मला बोलावून म्हणाला, “हर्षदा, तू पण असलंच कायतरी करत होतीस न्हवं? हे बघ, ह्यांचं किती भारी झालंय.” मी त्याच्या उमेदवाराचा चेहरा त्या दिवशी गोरा केला नाही. होता तसा छापायला पाठवला.

आमचा विक्रीचा आकडा खाली आला, मग थांबला. बंगळूरच्या नोकरीवाल्यांनी इम्तियाजला पुन्हा विचारलं होतं आणि उत्तर द्यायची वेळ आली होती. रविवारी दुपारी तो टेबलाशी बसून म्हणाला, “हर्षदा, किंमत शून्य करूया. जाहिराती नको, सुया नको. नुसता फुकट सोडून देऊ. निदान लोक खेळतील तरी.”

“आणि परत वाढवायची झाली तर?”

“न्हाई वाढवता येत. फोनवरच्या ॲपच्या दुकानाचा नियम आहे. एकदा फुकट केला की त्या गेमला परत किंमत लागत नाही. कायमचा फुकट.”

कायमचा फुकट. मी काही बोलणार एवढ्यात दारात आई उभी. उन्हातून चालत आल्यानं लाल झालेली आणि अंगात आल्यासारखी.

“काय गं, ती तुझी पुण्याची बाई,” तिनं बसायच्या आधीच सुरुवात केली. “तिचा गेम मंगलच्या पोराच्या नव्या फोनवर हाय. सगळी गल्ली खेळतीया. मी पण खेळले. माझ्या फोनवर तर येतच न्हाई तो मेला. तर मी चिंधी लावली, बरोबर लावली, आमच्यात तशीच लावत्यात, आणि म्हणतंय सुई मोडली! पाच डाव मोडली. मग म्हणतंय तीस रुपयं दे. तीस रुपयाला पाच सुया! बाजारात पाकीट येतंय तेवढ्यात. न्हाईतर म्हणं अर्धा तास बस. मी काय त्याच्या दारात भीक मागायला आलीया?”

इम्तियाजनं तिला पाणी दिलं. “काकी, मग आमचा घ्या की. आमच्यात सुई मोडत नाही.”

“तुमचा?” आईनं तांब्या खाली ठेवला. “तुमचा एकशे एक रुपयं. तिकडं फुकट मिळतंय. कितीबी सुया मोडूंदेत, फुकट ते फुकट. लोकं तिकडंच जाणार. तू पण कमी कर गं किंमत. तिकडं फुकट असताना तुला एकशे एक कोण देईल?”

आणि मला ते वाक्य ओळखू आलं. आईकडे येणारी गिऱ्हाइकं तिला असंच सांगायची.

मी सातवीत असताना विश्रामबागेतली एक बाई गाडीतून आली होती. डिकीत रेशमी साड्यांचं गाठोडं. आईनं मजुरी सांगितली, आठशे. बाई म्हणाली, जयसिंगपूरला एक जण सहाशेत करते. आई म्हणाली, “मग नऊशे.” बाईला वाटलं आईला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, जयसिंगपूर, सहाशे. आई म्हणाली, “मग एक हजार.” बाई तणतणत गेली आणि परत आली नाही. तो महिना आम्ही आमटीवरच काढला. मी आईला विचारलं होतं, वाढवली कशाला, आठशेवर तरी थांबायचं. ती म्हणाली होती, “दुसरीकडं स्वस्त हाय म्हणून माझ्या दारात येऊन सांगती, म्हणजे तिला माझाच हात पाहिजे. मग माझ्या हाताचं पैसं मोजावं.” आई आयुष्यभर हेच करत आली. कुणी दुसरीकडच्या स्वस्ताईचं नाव काढलं की तिची मजुरी वर जायची. काही गिऱ्हाइकं तुटली, काही टिकली. पण आईनं मजुरी कधी खाली आणली नाही.

“इम्तियाज,” मी म्हणाले, “एकशे एकावन्न कर.”

“काय?”

“किंमत. एकशे एकावन्न. आत्ता.”

“वेड लागलं का तुला?”

“माझी आई म्हणतीय तिकडं फुकट आहे. मग इकडं एकशे एकावन्न. आणि पुन्हा म्हणाली तर दोनशे एक.”

इम्तियाज माझ्याकडे बघत राहिला, मग आईकडे. आईचं तोंड उघडं राहिलं होतं. तिला सगळं कळलं होतं, हे मला तिच्या मानेवरून दिसत होतं. खोडी पकडली गेली की ती मान थोडी ताठ करते.

“माझं निराळं हाय,” ती म्हणाली.

“काय निराळं?”

“मी हातानं शिवते.”

“हा काय पायानं शिवला? दोन वर्षं बसलोय दोघं इथं. तुझ्या लुगड्यांचे काठ मी एकेक करून काढलेत, त्या चित्रांपायी माझे डोळे तुझ्यासारखे व्हायला लागलेत. तुझ्याकडं येऊन कुणी म्हणालं, फुकट कर, तर तू केलं असतंस? कधी केलंस? मग मला कुठल्या तोंडानं सांगतीस?”

माझा आवाज चढला होता. मशीनशी बसलेल्या अब्बांनी आमच्याकडे पाठ केली. आई टेबलावरच्या कापसाच्या पुंजक्याशी चाळा करत बसली. तिच्या बोटांना टोचण्याच्या खुणा आहेत, जुन्या, काळ्या पडलेल्या.

“करू?” इम्तियाजनं मला विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती आणि कुठंतरी मजाही वाटत होती.

“कर. आणि बंगळूरवाल्यांना काय सांगायचं ते तू ठरव, मी बोलणार नाही.”

“त्यांना सांगतो, तिकडं पगार जास्त असेल तर इथं अजून जास्त घेतो,” तो म्हणाला. तो विनोद त्याचा त्यालाच फार आवडला आणि त्यानं आकडा बदलला. नोकरीचं त्यानं पुढं काय केलं ती वेगळी गोष्ट, पण त्या दिवशी तो उठला नाही. आकडा तेव्हा वर गेला तो पुन्हा खाली आला नाही. ‘गोधडी धमाल’ला आता कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या ‘वाकळ’लाही फार लोक विचारत नाहीत. पण जे घेतात ते पैसे मोजून घेतात.

आई जायला उठली. पदर खोचला. दारापर्यंत गेली आणि परत आली.

“इम्तियाज, तुमचा तो माझ्या फोनवर चालंल का रे? काच फुटलीया त्याची.”

“चालेल काकी. त्याच्यासाठीच केलाय.”

तिनं कमरेची पिशवी सोडली. शंभराची एक नोट काढली, चिल्लर चाचपली, वर एक रुपया ठेवला आणि टेबलावर माझ्यासमोर सरकवली.

“घाल त्यात.”

“आई, एकशे एकावन्न.”

“मला तू एकशे एक सांगितली होतीस! बायकांसमोर सांगितली होतीस!”

“तेव्हा घ्यायचा होता. तेव्हा तू हसलीस.”

“मी तुझी आई हाय.”

“म्हणून तर.”

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की लहानपणी मी पळाले असते. मी पळाले नाही. मी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. तिनं पुन्हा पिशवी उघडली, पन्नासाची नोट काढली, ती दोनदा नीट केली आणि माझ्या हातावर आपटली.

“लुटारू मेली,” ती म्हणाली. “लोकांची लूट करतीया. जयसिंगपूरला जाईन मी!”

तिला मजुरी मोजून वाकळ नेणारी प्रत्येक बाई जाताना असंच बोलायची. मी पैसे खिशात घातले आणि फोन तिच्याकडून मागून घेतला.